सात पायऱ्या

३ जुलै, सोमवार
बोलून बसले! आज शाळेत वार्षिक आढावा होता. मुख्याध्यापिका, विशेष शिक्षिका, मी आणि टेबलावर चिमीची फाईल. दरवर्षी तेच – येत नाही, जमत नाही, मदत लागते. ऐकून ऐकून कान किटलेत. म्हणून आज मीच तोऱ्यात सांगितलं, घरचा जिना एकटी चढते आता! पायात कॅलिपर, हातात कठडा. मोजून सात पायऱ्या! विशेष शिक्षिकेनं कौतुकानं लिहून घेतलं – 'जिना : स्वतंत्र.' मी खाली सही ठोकली.

११ जुलै
शाळेचं पत्र. 'प्रगती समाधानकारक. मदतनिसाची गरज उरलेली नाही.' चिमीला वर-खाली नेणाऱ्या मावशींची दुसऱ्या शाळेत बदली. चौथीचा वर्ग वर, शौचालय खाली. मध्ये बावीस पायऱ्या.

१२ जुलै
पाण्याची बाटली भरलेली परत आली. म्हणाली, "तहानच नाही लागली."

१३ जुलै
आजही.

१८ जुलै, मंगळवार
शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो चिमीची आई, तुम्हीच तर सांगितलंत!" हो. मीच. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, तोही पोरीच्या पायावर.

विशेष शिक्षिका दारापर्यंत आली. चार शाळा बघते बिचारी, आमच्या वाट्याला फक्त मंगळवार. हळूच म्हणाली, "फेरतपासणीचा अर्ज करा. पण त्या दिवशी तिनं चढता कामा नये. एकही पायरी." तिचे डोळे भरले. माझे नाही. मला काही होतच नाहीये.

३० जुलै
परवा तपासणी. ह्यांना म्हटलं, चिमीला तुम्ही सांगा. "मला नाही जमायचं," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मग मीच सांगितलं. साहेब आले की चढायचं नाही.
"पण मला येतं की!"
"येतं गं. नाही येत म्हणायचं."
दोन वर्षं 'चढ, चढ' करून जिचं डोकं खाल्लं, तिला हे सांगत होते मी. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

१ ऑगस्ट
तपासणीचे साहेब शाळेत आले. चिमीनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मागे घेतलं. खालीच बसली. "मला भीती वाटते." साहेबांनी लिहिलं. पाच मिनिटांत सगळं उरकलं.

९ ऑगस्ट
मावशी परत आल्या! बाटली रिकामी. ह्यांनी आईस्क्रीम आणलं. मला बरं वाटायला हवं होतं. भांडी घासली आणि झोपले.

२० ऑगस्ट, रविवार
घरच्या जिन्यापाशी म्हटलं, "चल, चढ. इथे कोणी बघत नाही." तिनं कठड्याला हातसुद्धा लावला नाही.
"आई, मला खरंच नाही येत गं."