पहिली फरशी

मळा, ता. मंगळवेढा
११ जानेवारी २०२६

ती. सौ. आत्यास,
सोनालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन केला की तू जेवलीस का एवढंच विचारतेस, मग तिकडे तू गप्प आणि इकडे मी गप्प. म्हणून आज सरळ कागद घेऊन बसले. आई म्हणते, आजकाल कोण पत्र लिहितं का, खुळी कुठली! मी म्हटलं, पत्रलेखनाचे पैकीच्या पैकी मार्क घेते, ते खऱ्या माणसाला कधी कामाला येणार?

इकडे सगळे खुशाल. ज्वारी यंदा झकास आली आहे. परवा रानात आगटी पेटवली, हुरडा भाजला. अप्पांनी पहिली मूठ हातावर चोळली आणि माझ्या बहिणीला, बजाला आवडतो म्हणत तशीच धरून बसले. शेवटी आईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

आता मुख्य गोष्ट. आमचा दहावीचा निरोप समारंभ सात फेब्रुवारीला आहे. आम्ही पाचवीपासून एकत्र, त्यामुळे हल्ली मधल्या सुट्टीत जुन्या गोष्टीच निघतात. सहावीच्या वर्गात सरडा निघाला तेव्हा येडू टेबलावर चढला होता आणि तुझ्या सोमलिंगाने तो सरडा शेपटीला धरून बाहेर नेला, हे पायल अजून साभिनय करून दाखवते. नळदुर्गच्या सहलीत सोमलिंगाने सगळ्यांचे डबे चाखले आणि स्वतःचा उघडलाच नाही, तेही निघतं. त्याचं नाव निघालं की आधी सगळे हसतात.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. प्रार्थनेला आमच्या वर्गाची उंचीप्रमाणे एकच रांग असते. सगळ्यात बुटका म्हणून पहिल्या फरशीवर तो उभा राहायचा, मी दुसऱ्या. मी इंजिन, तुम्ही सगळे डबे, असं म्हणायचा. सातवीत तो गेल्यावर शाळा उघडली, तेव्हा मी दुसऱ्याच फरशीवर उभी राहिले. शिवयोगी सरांनी पुढे सरक म्हणून सांगितलं नाही. तेव्हापासून ती फरशी आम्ही मोकळी ठेवली आहे. आठवीत एक नवीन मुलगा चुकून तिथे उभा राहिला, तर येडूने त्याला बखोटीला धरून मागे नेलं.

सर म्हणाले, समारंभाला आत्याला बोलाव. येशील ना? आणि दहावीनंतर अकलूजला तुझ्याजवळ राहून शिकावं असं फार मनात आहे. अप्पा म्हणतात, आधी तिला विचार. म्हणून विचारते.

मामांना नमस्कार. लोभ पूर्वी होता तसाच राहू दे.

तुझी,
सोनाली

•

अकलूज
१८ जानेवारी

चि. सोनालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामा डेरीवर गेल्यावर वाचलं, मंग चूल इझली तरी वाचत बसले. तू लई चांगलं लिवतीस. संक्रांतीचा तिळगूळ तिकडं येनाऱ्याजवळ पाठवलाय, अप्पाला दातानं जपून खा म्हनावं.

मी काय समारंभाला येनार न्हाय. राग धरू नको. पन त्या फरशीचं वाचून माझ्या जिवाचं पानी झालं. तुमी मायेनं केलं, मला कळतंय की. पन मला एक सांग पोरी, त्याला तितंच हुबा करून ठिवला व्हय? मामाचं डोकं चौकटीला लागतं, ठाव हाय न्हवं तुला? त्याचं पोरगं काय तेवढंच राहनार हुतं? आमच्या घरात पोरं उशिरा वाढत्यात, पन वाढली की थांबत न्हाईत. तुमी समदी वाढला, मिशा फुटल्या, आन माझ्या लेकराला तेवढा बुटका ठिवला. शेततळ्यानं नेला तेवढाच.

आन अकलूजला शिकायला येऊ नको. होस्टेल बघा. अप्पानं दिवाळीत तुझा फोटू पाठवला हुता, मी मोबाईल पालथा घातला आन चांगलं रडून घेतलं. तुझ्यात काय खोट न्हाय. तू आन तो एका पाळन्यात निजलेली. तुझ्याकडं बघितलं की मला समजतं तो आता केवढा असता, आन मला ते सोसत न्हाय. गाव तरी मी कशापायी सोडलं?

अभ्यास कर. माया कमी झाली असं समजू नको.

तुझी आत्या,
बजाबाई

•

मळा
२५ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
सोनालीचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रानात जाऊन बसले. खूप राग आला तुझा. आत्या, मी वाढले हा काय माझा गुन्हा आहे का? मी काय मुद्दाम वाढले? मला माझा भाऊ गेला आणि त्याच्या मागोमाग आत्याही गेली. तुझ्या हातची लसणाची चटणी खाऊन तीन वर्षं झाली. आई करते, पण ती मिरच्या मोजून टाकते. हे लिहून झाल्यावर खोडणार होते, पण राहू दे.

फरशीचं मात्र तू म्हणतेस ते खरं आहे. मी वर्गात सांगितलं. मग पायल रडायला लागली. येडू म्हणाला, च्यायला, आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. (त्याला मिशी आली आहे, आवाज फाटका झाला आहे आणि रांगेत तो सगळ्यात शेवटी असतो.) मग पोरांची चर्चा सुरू झाली, की सोमलिंग आता कुठे असता. कोणी मधे म्हणालं, कोणी मागे. शेवटी भांडणच लागलं, सर आले म्हणून थांबलं.

आत्या, हे आमच्यापैकी कोणालाच ठरवता येणार नाही. तुलाच येईल. तू ये आणि त्याची जागा दाखव. त्या जागेशिवाय फोटो काढायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं आहे. माझ्याकडे बघू नकोस, चालेल. मी रांगेत पुढे असते, माझी नुसती पाठ दिसेल.

होस्टेलचा अर्ज अप्पा आणणार आहेत. माया कमी झाली नाही असं तू लिहिलंस, ते मी धरून आहे.

तुझी,
सोनाली

•

मळा
८ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
सोनालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल तू आलीस आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता गेलीस. अप्पा एसटी स्टँडवर धावत गेले, तोवर गाडी सुटली होती. आई तुझ्यावर जाम चिडली आहे. तिने शेंगापोळ्या केल्या होत्या. त्या मामांसाठी पाठवत आहे, तू खाल्ल्यास तरी ती काही म्हणणार नाही.

मला काय दिसलं ते सांगते. प्रार्थना सुरू होती, मान वळवायची सोय नव्हती. बाजूने हिरवं लुगडं गेलं. चप्पल तुझ्या सवयीप्रमाणे हातात धरलेली होती, त्यावरून तू आहेस हे ओळखलं. मोकळ्या फरशीपाशी थांबशील असं वाटलं होतं. तू थांबलीच नाहीस. माझ्या अंगावरून पार मागे गेलीस. मला वाटलं, चालली. डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहिले.

मागे काय झालं ते येडूने नंतर सांगितलं. तू म्हणे त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिलीस, टाचा उंच करून त्याच्या डोक्यावर हात धरलास, चार बोटं वर, आणि हळूच म्हणालीस की एवढा. मग त्याच्या पाठीला हात लावून त्याला एक फरशी पुढे सरकवलंस. त्याने पुढच्याला सरकवलं, त्याने त्याच्या पुढच्याला. मला काही कल्पना नाही. पायलने पाठीत ढोसलं तर मी तिला कोपर मारलं. तिने पुन्हा ढोसलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आत्या, मी एक पाऊल पुढे टाकलं. त्या फरशीचा कोपरा फुटका आहे. रोज दिसायचा, काल पहिल्यांदा पायाला टोचला. इतकं रडू आलं की राष्ट्रगीत मला म्हणताच आलं नाही. सरांना पण नाही.

राष्ट्रगीत होईपर्यंत तू त्या शेवटच्या फरशीवर उभी होतीस म्हणे. रांग सुटून मी मागे वळले तर नव्हतीस.

फोटो सोबत आहे. येडूच्या मागे जी जागा सोडली आहे, ती सोमलिंगाची. फोटोवाला सारखा जवळ या, जवळ या म्हणून ओरडत होता, कोणी हललं नाही. काल सगळ्यांनी एकमेकांच्या शर्टावर सह्या केल्या, आणि उद्यापासून ती रांग नाही. आता एकमेकांना कुठे शोधायचं, काही सुचत नाही.

लोभ कर, एवढंच.

सोनाली

•

अकलूज
१५ फेब्रुवारी

चि. सोनालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोळ्या पोचल्या. वैनीला सांग, खाल्ल्या. दोन जास्तच खाल्ल्या.

न भेटता आले, चुकलं माझं. तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडसच झालं न्हाय. नुसती पाठ बघितली. येनी कमरंपातूर आलीया की तुझी! गाडीत बसल्यावर करमाळ्याची एक बाई शेजारी हुती, तुमाला पोरंबाळं किती म्हनून तिनं इचारलं. मी म्हनलं, एक ल्योक हाय, बापाएवढा. इतक्या वरसात कुनाला असं सांगितलं नव्हतं.

फोटू देवाजवळ न्हाय लावला. भाकरी खायाला बसतो तितं समोर लावलाय. मामांनी बराच येळ बघितला. मंग मोकळ्या जागंवर बोट ठिवून इचारलं, हितं का? मी व्हय म्हनलं. तर म्हनले, अजून थोडा उंच लागंल. मंग हात न धुताच बाहेर गेले.

पेपर निवांत दे. होस्टेलचा अरज आनला असंल तर अप्पाला तो चुलीत घालाय सांग. निकाल लागला की हितं ये. खाट झाडून ठिवलीया. चटनीला मिरच्या मोजनार न्हाय. तू दारात आलीस की मी रडंन, ते सांगून ठिवते. तू बॅग खाली ठिव आन हुबी राहा, डोळं पुसून झालं की मी नीट बघीन.

तुझ्या मापानंच मला त्याचं वय कळंल. तवा तू आपली वाढत राहा, पोरी. मी आता मोबाईल पालथा घालनार न्हाय.

माया हाय, आन ती हितं तुझी वाट बघती.

तुझी आत्या,
बजाबाई