धार मातीत सोडली

तळोदा,
१३ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
यामिनीचा सा. न. वि. वि.

पत्र गोवालच्या जीपने धाडते आहे. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही, आणि गोवालकडे तोंडी निरोप दिला की पोचेपर्यंत तो दुसराच होतो.

गाडी बंद आहे. शुक्रवारी घाटातल्या वळणावर स्टीअरिंग एकाएकी जड झालं. मागे बाळंतीण होती, तिची सासू होती. दोन्ही हातांनी ओढून वळण काढलं. सगळे सुखरूप आहोत. आईला एवढंच सांगा, घाटाचं सांगू नका.

गाडीला वर्षही झालेलं नाही आणि वॉरंटी तीन वर्षांची आहे, म्हणून ती टोइंगवाल्याकडून नंदुरबारच्या शोरूमला नेली. दोधूकाका कामाने इकडे आले होते, ते सोबत आले. मी लसींचे डबे आणायला जिल्हा रुग्णालयात गेले. तेवढ्यात काउंटरवर काकांना विचारलं की गाडीत कधी काही सांडलं होतं का. काका खुशीत आले. गाडी पहिल्यांदा पाड्यावर आली तेव्हा तुम्ही पूर्वजांसाठी मोहाच्या दारूची धार कशी सोडली, ढोल कोणी वाजवला, कोण नाचताना पडलं, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. काकांनी खाली सही केली.

त्या कागदावर, म्हणजे गाडीच्या जॉबकार्डवर, लिहिलं आहे: ग्राहकाने गाडीवर दारू ओतली, ती आत जाऊन स्टीअरिंगचा कंट्रोल बॉक्स निकामी झाला, वॉरंटी लागू नाही.

मॅनेजर हेमकांत साहेब गोड बोलतात. नुकसान आमच्या रिवाजामुळे झालं असं मी लिहून दिलं तर या वेळेपुरता बॉक्स मेहेरबानी म्हणून बदलून देतील. पुढची वॉरंटी मात्र संपली. माझ्या उपकेंद्राखाली अकरा पाडे आहेत. गाडीशिवाय नर्स काय करणार? सही करून मोकळं व्हावं असं वाटतं. रागावलात तरी उत्तर लवकर धाडा.

तुमची,
यामिनी


वडपाडा,
१६ जानेवारी २०२५

चि. यामिनी हिस,
वाहरूचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईने घाटाचं ओळखलं. काही झाल्याशिवाय कोणी सुखरूप आहोत असं लिहीत नाही, असं तिचं म्हणणं.

सही करू नकोस.

मी धार सोडली ती पुढच्या चाकासमोर, मातीत. आपले पूर्वज मातीत आहेत, बॉनेटवर नाहीत. सारा पाडा पाहत होता. गाडीवर थेंब पडला नाही. दोधूने सांगितलं ते असंच सांगितलं असणार. त्याला खोटं बोलता येत नाही; बकरी विकतानासुद्धा ती लंगडते हे आधी सांगतो.

तू लिहून दिलंस तर तो कागद तुझ्यापुरता राहणार नाही. उद्या डोंगरातली कोणतीही गाडी तिथे गेली की आधी हेच विचारतील, आणि उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असेल.

दोधूला बोलावून पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला की सही तर मास्तरांनीच शिकवली. खरं आहे. साक्षरता वर्गात मी त्याला सही शिकवली, तेव्हा तो चाळिशीचा होता. पुढे वर्ग बंद झाला. मीही थांबलो. वाचायला शिकवायचं राहून गेलं. तेवढी चूक माझी. बाकीची त्यांची.

आईने नागलीचं पीठ दिलं आहे. ती आठवण काढते, मी काढत नाही असं समजू नये.

तुझा बाबा,
वाहरू


तळोदा,
२१ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सही केली नाही. तसं तोंडावर सांगून आले.

हेमकांत साहेबांनी दोधूकाकांच्या सहीवर बोट ठेवलं. मी त्यांच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे नव्या गाड्यांचे फोटो आहेत. प्रत्येक गाडीपुढे साहेब स्वतः नारळ फोडताहेत आणि पाणी चाकावर उडतं आहे. माझाही फोटो आहे. हे पाणी कोणत्या जॉबकार्डवर लिहिता, असं विचारलं. ते म्हणाले की ती पूजा आहे. मी विचारलं, मग आमचं काय आहे? त्यावर त्यांना फोन आला.

मेकॅनिककडून कळलं की तो बॉक्स बॉनेटखाली नसतोच. तो आत, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली असतो. बाहेर घागर ओतली तरी तिथे पोचणार नाही. मी लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. ३१ तारखेला कंपनीचा इंजिनिअर नाशिकहून येतो आहे.

तोवर आमच्या आशा कार्यकर्त्या रेवाबाई यांच्या मोटारसायकलवर मी मागे बसून पाडे करते. त्या म्हणतात की मॅडमला आता कुठे रस्ते कळायला लागले.

काकांना माझ्यावर राग धरू नका म्हणावं. त्यांना एकटं सोडून मीच गेले होते.

तुमची,
यामिनी


वडपाडा,
२७ जानेवारी २०२५

चि. यामिनी हिस,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहितो, गोवाल हॉर्न वाजवतो आहे.

दोधू ३१ला येणार. सांगूनही ऐकत नाही. रोज सकाळी पाटी घेऊन माझ्या ओट्यावर बसतो. त्याने मला एवढंच विचारलं की एक गोष्ट लिहायला किती अक्षरं शिकावी लागतात. लागतील तेवढी शिकतो आहे. दोन पेन्सिली मोडल्या. आई हसते, तो हसत नाही.

त्याला काउंटरवर घाई करू देऊ नकोस. कोणी घाई केली तर त्यालाही करू देऊ नकोस.

तुझा बाबा,
वाहरू


तळोदा,
१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस आणि आईस,
सा. न. वि. वि.

काकांनी जॉबकार्ड मागितलं. हेमकांत साहेब म्हणाले की त्यावर ग्राहकाला लिहिता येत नाही. काकांनी म्हटलं की सहीला जागा होती तर याला कशी नाही. मग खुर्ची ओढून बसले. मागे रांग थांबली. एकाने घड्याळ पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. काकांनी आपल्या जुन्या सहीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं:

धार मातीत सोडली. गाडीवर नाही.

आणि खाली पुन्हा सही केली.

नाशिकच्या इंजिनिअरने ते वाचलं. बॉक्स उतरवून सगळ्यांसमोर उघडला. आत कोरडं होतं. एका तारेचा जोड सुटलेला होता, कारखान्यातला. त्याने जॉबकार्डवरची जुनी ओळ खोडून सही केली आणि नवा बॉक्स वॉरंटीत बसवायला सांगितलं. वॉरंटी पुढेही तशीच आहे. तेही लिहून घेतलं. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच उठले.

गाडी बाहेर काढल्यावर काकांनी माझी पाण्याची बाटली मागितली. शोरूमसमोर सगळी फरशी आहे. फरशीवर सोडायला ते तयार नव्हते. गाडी फाटकाबाहेर न्यायला लावली, माती सापडेपर्यंत. मग परत जाऊन हेमकांत साहेबांना घेऊन आले. साहेब बुटांवर धूळ घेत आले. काकांनी चाकासमोर धार सोडली आणि ती कुठे पडली ते त्यांना वाकून बघायला लावलं.

पाणीच होतं. उरलेलं काका प्याले.

रविवारी गाडी घेऊन येते. घाटाने येणार, आईला आधीच सांगा.

तुमची,
यामिनी