दुसऱ्या भागाची नवी बांधणी

ता. ४ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोलायला लागलीस की शेजारचे काळजीने दार वाजवतात. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की दुसरा भाग सापडला. कुठला दुसरा भाग, असं विचारलंस तर या जन्मी तुझ्याशी बोलणार नाही. 'शिक्षेच्या कायद्याचा इतिहास', भाग दुसरा. पहिला भाग मी कायद्याच्या कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा घेतला होता. तेव्हापासून वकिलांच्या त्या मासिकात 'हवे आहे' म्हणून माझी जाहिरात दर वर्षी छापून येते आणि तुम्ही सगळे दर वर्षी हसता. हसा आता.

गंमत ऐक. बसस्थानकामागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो धूळ खात पडला होता. पाठीवर सोनेरी अक्षरांत चक्क 'भाग पहिला' लिहिलेलं! कुणा बाइंडरने चुकीचा ठसा मारलेला. त्यामुळे दुकानदाराला वाटलं, जोडी फुटलेलं किरकोळ पुस्तक. मला मात्र पाठीवर विश्वास न ठेवता आतली अनुक्रमणिका उघडायची खोड आहे. उघडली, आणि पहिलंच प्रकरण अकरावं! तिथेच स्टुलावर बसलो. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

सुरुवातीचं कोरं पान कुणीतरी फाडलंय, बाकी एकही पान कमी नाही. भावाशेजारी बसवण्याआधी त्याचं रूप जरा ठीकठाक करून घेतो. तुमच्या ग्रंथपाल महाराजांना सांग, त्यांच्या न्यायालयाच्या ग्रंथालयात जी जोडी आहे ती आता आमच्याकडेही आहे. जळू देत थोडे.

तू म्हणतेस तसं घरात टेकायला जागा नाही हे खरं आहे, पण आज मी उभ्यानेही सुखी आहे. माया आहेच तुझी, ती अशीच राहू दे.

तुझा,
दादा

ता. ११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुलाच लिहायला बसले होते. काय लिहावं ते सुचत नव्हतं. महिना झाला, ह्यांना कामावरून दूर ठेवलंय. तुझा जीव उगाच टांगणीला लागेल म्हणून कळवलं नव्हतं.

ग्रंथालयाला नवे साहेब आलेत. त्यांनी आल्या आल्या सगळी जुनी पुस्तकं मोजायला घेतली. त्यात तुझ्या त्याच इतिहासाचा दुसरा भाग नाही. गेल्या वर्षी ह्यांनी जादा प्रती रद्दीत काढल्या, त्यात ह्यांच्या सहीने 'भाग पहिला, जादा प्रत' अशी नोंद आहे. हे म्हणतात, कपाटात दोन पुस्तकं होती आणि दोन्हींच्या पाठीवर 'पहिला'च होतं, म्हणून मी एक काढलं. आत उघडून बघितलं नाही, एवढीच माझी चूक. साहेब म्हणतात, ही थाप आहे. दुसरा भाग घरी नेला आणि नोंद मुद्दाम खोटी केली. ह्यांच्या मेव्हण्याची जाहिरात दर वर्षी कशासाठी छापून येते, तेही त्यांनी शोधून काढलंय. चौकशी समितीपुढे तुझ्या जाहिरातीचं कात्रण आहे, दादा.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. पाठीवर 'भाग पहिला' आहे हे वाक्य त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग भिंतीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा तर जीव भांड्यात पडला.

त्यांनी सांगितलंय, पान एक्कावन्न बघ. फाडलेल्या पानावर शिक्का असतोच, रद्दीवाले ते पान फाडून टाकतात. पण ग्रंथालयाचा एक छोटा शिक्का आत, त्या ठरलेल्या पानावरही असतो. तो असेल तर हेच ते पुस्तक. मग ती चुकीची पाठ समितीला दाखवली की झालं. चोरी नाही, नजरचूक. नजरचुकीला ताकीद मिळेल, फार तर पगारवाढ थांबेल. पण चोर म्हणून कुणी बोट दाखवणार नाही. निवृत्तीला सहाच महिने उरलेत रे.

पुस्तक जपून ठेव आणि सव्वीस तारखेच्या सुनावणीला घेऊन ये. तुला ते द्यावं लागेल, याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.

तुझी,
ठकी

ता. १६ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. पान एक्कावन्नवर शिक्का आहे. पुस्तक तुमचंच.

दोन गोष्टी कळव. त्या दोन्ही पुस्तकांच्या पाठी सारख्या होत्या हे ग्रंथालयात आणखी कुणी पाहिलं होतं का? आणि ज्या बाइंडरने त्या जुन्या काळी बांधणी केली त्याचं बिल, पावती, काही सापडेल का? मेव्हण्यांना म्हणावं, नीट आठवा. मला थोडा खोकला झालाय, बाकी ठीक.

दादा

ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार ओळींचं पत्र आणि वर उलटतपासणी? आणखी कुणी पाहिलं नाही. हे एकटेच कपाटं आवरत होते. पावत्या केव्हाच वाळवीने खाल्ल्या. आणि पुस्तक तुझ्या हातात असताना हे सगळं हवंय कशाला?

मी ह्यांना काही बोलले नाही, पण तुला ओळखते. लहानपणी तुझ्या पुस्तकांना हात लावायचा तर आधी तू माझे हात धुवायला लावायचास आणि मग तरी नाहीच म्हणायचास. वहिनी आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी औषधांना जागा हवी म्हणून मी एक चळत उचलली, तर तू माझ्यावर ओरडलास. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. ती नेहमी तुझीच बाजू घ्यायची. मी घेणार नाही. तुला ते पुस्तक सोडवत नसेल तर तसं सरळ लिही. इथे एक माणूस दिवसभर खिडकीशी बसून असतो. समोरच्या दुकानात दूध आणायलाही जात नाही, कारण तिथे ग्रंथालयातले लोक येतात. मुलगी फोनवर विचारते, बाबा ठीक आहेत ना, आणि मी हो म्हणते.

रागाने लिहिलंय. खाडाखोड करत बसत नाही.

ठकी

ता. २२ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पुस्तक सोडवत नाही, असं असतं तर बरं झालं असतं.

चार तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि तसाच बाइंडरकडे गेलो. पहिला भाग त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, याच्यासारखाच दुसरा कर. तेच चामडं, तशीच अक्षरं, फक्त आकडा बरोबर. जुनी पाठ सोलून काढली. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुस्तक घरी आलं होतं. टेबलावर दोघं भाऊ शेजारी शेजारी ठेवले होते आणि मी चष्मा पुसून पुसून बघत होतो. मग तुझं पत्र वाचलं.

तडक बाइंडरकडे धावलो. कातरण रोजच्या रोज शेगडीत जातं. त्याला चामड्याचा रंग आठवतो, पाठीवर काय लिहिलं होतं ते आठवत नाही. त्याला ही भाषा वाचता येत नाही, नमुना समोर ठेवून तो ठसे लावतो. जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला की असं पुस्तक मी विकलंच नाही, चौकशीत माझं नाव घेऊ नका. माझं पहिलं पत्र दाखवता येईल. पण घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला लिहिलेलं पत्र कुणीही मागाहून लिहू शकतो, हे मीच वर्गात शिकवत आलो.

म्हणजे बघ, आता त्यांच्या हाती काय आहे? आरोपीच्या मेव्हण्याच्या घरी सापडलेलं पुस्तक, आणि त्याच्यावरची जुनी खूण मेव्हण्यानेच नाहीशी केलेली. तिथे मी बसलो असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. मागच्या पत्रात तुला जे प्रश्न विचारले ते म्हणूनच. दुसरा काही आधार मिळतो का, ते चाचपत होतो.

पुस्तक दडवावं, असंही मनात आलं. पुस्तकच नसेल तर निदान संशय तरी संशयच राहील. पण मग मेव्हण्यांनी जे सांगितलं ते खरं आहे हे सांगणारं जगात कुणीच उरणार नाही. मी येतो. माझ्या तोंडाने सांगतो. मला लाज वाटते, ठकी. एवढंच लिहवतंय.

दादा

ता. २८ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझ्याकडे न जेवताच निघालो, रागावू नकोस. तू पान वाढलं होतंस, पण माझ्याकडे बघत नव्हतीस. सुनावणीच्या वेळी तुला बाहेर बसवलं होतं, आणि मेव्हणे घरी येऊन काही बोलायचे नाहीत. म्हणून आत काय झालं ते मी लिहितो.

समितीवर तिघे होते. मी सगळं सांगितलं. मधल्या बाईंनी शांतपणे विचारलं की आपण पुरावा हा विषय किती वर्षं शिकवत होता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आणि हातात आलेली वस्तू कुठली आहे याचा शोध घेण्याआधी आपण तिचं रूप बदललंत. मी म्हटलं, होय. नव्या साहेबांनी विचारलं की हे आपण कुणाच्या सांगण्यावरून केलंत. मी म्हटलं, माझ्या हौसेच्या. कुणीतरी हसलं.

मग त्यांनी पुस्तक मेव्हण्यांच्या हातात दिलं आणि विचारलं की हेच का. त्यांनी आधी पाठीवरून अंगठा फिरवला. मग उघडलं, अनुक्रमणिका वाचली, अगदी खालपर्यंत. सगळे थांबले होते. गेल्या वर्षी जे करायचं राहिलं ते माणूस आता करत होता, आणि ते बघणं माझ्याच्याने होईना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पान एक्कावन्न काढून त्यांनी शिक्का दाखवला आणि म्हणाले, होय, हेच. चूक माझी आहे, मी उघडायला हवं होतं. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित वाचले असते.

पहिला भागही मी त्यांच्या कपाटासाठी देऊ केला होता. बाई म्हणाल्या, सध्या नको, त्याचा अर्थ वेगळा होईल. बरोबर होतं त्यांचं. निकाल लागला की कळव. मी विचारणार नाही.

दादा

ता. १५ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आला. चोरी सिद्ध होत नाही, पण खुलासा समाधानकारक नाही. म्हणून मुदतीआधी सक्तीची निवृत्ती. कागदावर चोर हा शब्द कुठेच नाही, आणि तो न लिहिताही कसा लिहिता येतो ते मला आता कळलं. निरोपसमारंभ नाही. त्यांच्या खणातला चष्मा, पेन आणि डबा एका पिशवीत घालून शिपायाकरवी घरी पाठवला.

तू गेलास त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, माझ्या भावाने तुमचं वाटोळं केलं. हे म्हणाले, बांधणी मात्र फार सुरेख झाली आहे. कुत्सितपणे नाही, दादा. मनापासून. मला तिथेच भांडं आपटावंसं वाटलं. हे रागावत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचा रागही मलाच करावा लागतोय, आणि मी दमले.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. तू येऊन खरं बोललास, हेही कळतं. पण सकाळी डोळा उघडला की आधी तुझा राग येतो आणि मग बाकीचं आठवतं. हे कधी थांबेल, मला सांगता येत नाही.

परवा मुलीने फोनवर विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हटलं. ती येऊन गेली. तिच्याशीही हे हवापाण्याचंच बोलले. ग्रंथालयातलं कुणी फिरकत नाही. काल दुपारी बघितलं तर हे स्वयंपाकघरातले डबे पुसून उंचीप्रमाणे लावत होते. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, काही नाही.

पुस्तकांबद्दल ज्याच्याशी तासन् तास बोलता येईल असं ह्यांना एकच माणूस होतं. तू ये. मी तुझ्याशी बोलेन असं नाही. तुला जेवायला वाढीन आणि आत जाईन. पण तू त्यांच्याजवळ बैस, आणि ये लवकर.

तुझी,
ठकी