ओनोरिनो सायकलवरून येतोय

वाल्देसर्सा, जूनचा दुसरा रविवार

प्रिय विसीताईस धाकट्या एलादिओकडून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा (तुला माझी दाढी टोचते म्हणून सकाळीच घोटून बसलोय. पत्रातून टोचत नाही हे ठाऊक आहे, पण मनाला बरं वाटतं).

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू ठणठणीत असशील अशी आशा करतो. गुडघा काय म्हणतोय? नुरियाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त झाली, की अजून चार जिने चढतेस? लेकीला आणि तिच्या त्या भुंकणाऱ्या उशीला (ती कुत्रा म्हणते, म्हणो बापडी) माझे आशीर्वाद सांग. मी मजेत आहे. डाव्या कोपराला तीन टाके, पाठीवर खाजऱ्या पाल्याचे चट्टे आणि खुर्चीवर बसायला थोडी अडचण एवढं सोडलं तर प्रकृती उत्तम. हे पत्र मी ओट्याशी उभा राहून लिहितोय.

पत्राला कारण आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण तू शेवटचं पान अगोदर वाचणारी बाई आहेस. या खेपेला कृपा करून क्रमानं वाच. तर, ओनोरिनो तुझ्याकडे येतोय. तोच तो, पाववाला. सायकलवरून. सोमवारी सकाळी इथून निघणार, घाट उतरणार आणि नदीच्या काठाकाठानं एकशेचाळीस किलोमीटर तुडवत बुधवारी सारागोसात तुझ्या दारात उभा राहणार. वय एकोणसत्तर. तुला एकच गोष्ट विचारायची आहे म्हणतो. परत गावी राहायला येतेस का, आणि आलीस तर उन्हाळ्याच्या संध्याकाळी तुझ्या दारातल्या बाकावर त्याला बसू देशील का. बस. टेलिफोनवर विचार म्हणालो, तर म्हणे टेलिफोनवर तोंड दिसत नाही. (दिसत नाही हाच तर फायदा, मी म्हणालो.)

आता मुळात हा माणूस सायकलवर चढला कसा ते ऐक. मार्चमध्ये ओनोरिनोनं घाटाखालची भट्टी आणि पावाची गाडी दोन्ही पुतण्याच्या हवाली केली. पुतण्या व्यवहारी. अकरा माणसांच्या गावासाठी आठवड्यातून दोनदा घाट कोण चढणार, बुधवारी येईन, शनिवार बंद, असं त्यानं जाहीर केलं. त्या पहिल्या शनिवारी बारा वाजले तरी चौकात गाडीचा भोंगा वाजला नाही. तरीही आम्ही सगळे सवयीनं दारात येऊन उभे. आणि तेवढ्यात वळणावरून काहीतरी डुगडुगत येताना दिसलं. एंग्रासियाकाकू (अठ्ठ्याऐंशी झाल्या, नजर अजून घारीची) म्हणाल्या, "अरे, ही तर ओनोरिनोच्या बापाची सायकल! आणि वर बापच बसलाय की काय?" ओनोरिनो होता. अठरा किलोमीटरचा चढ, मागे द्राक्षांची टोपली दोरीनं बांधलेली, टोपलीत अकरा पाव आणि तोंड भाजलेल्या मिरचीसारखं लाल. घरोघरी हिंडला आणि दारांवरच्या पिशव्यांत पाव घालून आला. तुझ्या दारावरच्या पिशवीतसुद्धा. हो, तुझ्याही. तेओफिलोभावोजी गेल्यावर सहा वर्षांपूर्वी तू कुलूप घालून लेकीकडे गेलीस, पण निळ्या चौकटीची तुझी पावाची पिशवी मुठीला अडकलेली तशीच राहिली. काकू ईस्टरच्या आधी ती धुऊन परत लावतात. आणि गाडीच्या दिवसांपासून ओनोरिनो दर शनिवारी तिच्यात एक पाव टाकत आलाय. मी विचारलं होतं एकदा. "सवय," म्हणाला.

दुसऱ्या शनिवारी मला त्याची काळजी वाटली आणि मीही जुनी सायकल काढली. (काकू सांगतील की मला खालच्या पुलापाशी खानावळीतली न्याहारी दिसत होती. काकूंचं मनावर घेऊ नकोस.) ताई, आम्ही चांगले सायकलस्वार झालो गं. एका शनिवारी ओनोरिनो तालुक्याहून ती घट्ट, खांद्यावरून पट्टे येणारी चड्डी घेऊन आला. ती घालून तो चौकात उतरला तेव्हा काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ओनोरिनो, बाळा, विजार घाटात पडली का रे?" मग त्यानं कुठंतरी वाचलं की खरे सायकलस्वार पायांवरचे केस काढतात. का काढतात ते मलाही माहीत नाही, पण उजवा पाय पूर्ण झाला आणि डाव्याला सुरुवात करणार तोच पुतण्याची हाक आली की भट्टीतून धूर येतोय. त्यानंतर धीर झाला नाही. त्यामुळे सध्या त्याचा एक पाय सोळा वर्षांच्या मुलीचा आणि एक अस्वलाचा आहे.

आणि ती मेंढपाळाची कुत्री! तिसऱ्या वळणावर वासराएवढी दोन धुडं आमच्या मागं लागायची. ओनोरिनोनं घाबरून त्यांना एक पाव फेकला. ती दोघं आता दर शनिवारी वळणावर बसून वाट पाहतात, आणि पाव मिळाला की गावापर्यंत सोबत करतात, मंत्र्यांच्या पुढंमागं पोलीस असावेत तशी. मागच्या शनिवारी टोपलीत एक पाव जास्त उरला, मी हात पुढं केला, तर ओनोरिनोनं तो कुत्र्यांना दिला. म्हणाला, "तुला काय, तुला डॉक्टरनं पाव बंद केलाय ना." (केलाय. सहा वर्षं झाली. तुला मी लिहिलं असेलच.)

आता त्याच शनिवारचं. पाव वाटून झाल्यावर आम्ही न्याहारीला खाली पुलावर आलो. समोर तळलेली अंडी दोन-दोन, चोरिसो सॉसेजचे काप, घेवड्याची उसळ आणि पाण्यासारखी वाईन. दहा मिनिटांत उरकणारा प्रकार नाही, तीन तास सहज जातात, आणि म्हणूनच आमची सरासरी गती इतकी कमी येते. दुसऱ्या अंड्यावर ओनोरिनो एकदम म्हणाला, "एलादिओ, एक सांगू? विसीच्या पिशवीत मी शनिवारी पाव ठेवतो. बुधवारी गाडीतून यायचो तेव्हा बघायचो, पिशवी रिकामी. दर वेळी. सहा वर्षं. म्हणजे तिनं कुणाला तरी सांगून ठेवलंय, तो पाव घेत जा म्हणून. नको असता तर तिनं कळवलं असतं. बाई नको ते नको म्हणते, हो की नाही?" माझ्या घशात अंडं अडकलं. त्यानं पाठीत चार गुद्दे घातले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तिथून घाट चढताना (ओनोरिनो मला घरापर्यंत सोडायला निघाला होता) माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तेवढ्यात मागून शहरातली ती रविवारची सायकलवाली टोळी शनिवारीच आली. पोपटासारखे कपडे, वीसेक पोरं. जाताजाता एकजण "आजोबा, दमानं!" म्हणाला. आजोबा! चौसष्ट वर्षांच्या माणसाला! मी त्यांच्या मागं लागलो, आणि तुला सांगतो, तीनशे मीटर मी त्यांच्या चाकाला चिकटून होतो, नुसता उडत होतो. मग रस्ता डावीकडे गेला आणि मी सरळ गेलो. खाजऱ्या पाल्यातून थेट पीचच्या बागेच्या पाटात. पाण्यात पडल्यापडल्या मनात पहिला विचार आला की ताईनं हे बघितलं असतं तर आठवडाभर हसली असती. ओनोरिनोनं मला काखेत धरून बाहेर काढलं, टोपलीतलं फडकं कोपराला बांधलं आणि मी शेवाळ थुंकत असतानाच म्हणाला, "ठरलं. मी सारागोसाला जाणार." माझी ती अवस्था बघून माणसाला प्रेमाची आठवण का व्हावी, देव जाणे.

ताई, मी त्याची थट्टा करतो खरा. पण इकडं माझ्यानंतर तुझी आठवण काढणारा तोच एक. तू गेल्यापासून तुझ्या दारातल्या त्या बाकावर कुणी बसत नाही, आणि मला संध्याकाळी तिकडून जाववत नाही, म्हणून मी मागच्या गल्लीनं फिरून जातो. तेव्हा जे काय उत्तर द्यायचं ते दे, पण दार उघड आणि त्याला बसायला खुर्ची दे. मऊ दे.

तुझा धाकटा,
एलादिओ

ता. क. : त्याच्या डाव्या पायाकडे बघू नकोस. उजव्याकडेही नको.

ता. क. आणखी एक : आता बसून लिहितोय, दुखतंय तरी, कारण हे उभ्यानं लिहिण्यासारखं नाही. तो पाव मी खात होतो. तू गेल्यावर पहिल्या शनिवारी तुझ्या पिशवीत पाव दिसला. मला वाटलं तू बंद करायला सांगायचं विसरलीस, वाया जाईल, म्हणून घेतला. गरम होता. दुसऱ्या शनिवारी परत होता. मग मी गाडीवरून पाव घ्यायचा बंद केला आणि ओनोरिनोनं विचारलं तेव्हा डॉक्टरचं नाव पुढं केलं. सहा वर्षं, ताई, दर शनिवारी, चोरिसोबरोबर. आणि तो बिचारा रिकाम्या पिशवीत तुझा होकार बघत होता. त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. माझं एकच मागणं आहे, खरं तर हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. तो विचारील तेव्हा एवढंच म्हण, की पाव छान होता. खोटं नाही ते, खरंच छान होता.

ता. क. शेवटचं : आत्ता कळलं की टपालाची गाडी गुरुवारशिवाय येत नाही, म्हणजे पत्राच्या आधी तोच पोचायचा. तेव्हा हे त्याच्याच हाती देतोय. पाकिटाला सायकलची काळी चिकटपट्टी तीन वेढे गुंडाळली आहे. तो उघडणार नाही. त्याच्याइतका प्रामाणिक माणूस या खोऱ्यात नाही.

(खाली दुसऱ्या हातानं, पेन्सिलीनं :)

विसी,

नदीकाठी दुसरं पंक्चर झालं. टायर आतून फाटला होता आणि चिकटपट्टी फक्त या पाकिटावर होती. पाकीट आपोआप उघडलं, मग वाचलं. माफ कर.

पाव कोण खातो ते मला दुसऱ्याच महिन्यापासून माहीत आहे. ज्याला डॉक्टरनं पाव बंद केला त्याच्या सदऱ्यावर मी सहा वर्षं पावाचे कण बघतोय. त्या शनिवारी खानावळीत ते मुद्दाम बोललो. वाटलं आता तरी कबूल करेल, तर त्यानं अंडं घशात अडकवून घेतलं. त्याला रागावू नकोस. एकटा राहतो, शनिवारी तरी तो तुझ्या दारापाशी जात होता. पाव मी तुझ्या दारासाठी ठेवायचो. तो कुणी खाल्ला यानं मला फरक पडला नाही.

पण गाडी गेली, आणि पायांनीच जायचं तर बंद दारापर्यंत का जायचं, असं वाटलं.

काकूंनी पिशवी धुऊन दिली. तुझ्या इथल्या दाराच्या मुठीला अडकवली आहे, पत्राखाली पाव आहे. पाव कालचा आहे, भाजून घे. बेल वाजवली नाही. मी खाली बागेतल्या बाकावर आहे. तासाभरानं जिना चढून बघायला येईन. पिशवी तशीच असली तर काही न बोलता परत जाईन. रिकामी असली तर या वेळी मला खात्री असेल, कारण एलादिओ इथं नाही.

ओनोरिनो