उशाशी ठेवलेलं स्टूल

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पाय आला बरं का! नवा कोरा, माझ्यापेक्षा गोरा. गुडघ्याखाली जे काही उरलंय ते मोजा चढवून एका वाटीत बसवायचं, वर पट्टा आवळायचा, की झालं. मालट्रकनं दुकानाच्या दारातच पाय नेला, त्यानंतर काल पहिल्यांदा कुबड्यांशिवाय उभा राहिलो. पाय बनवणाऱ्या कारागिराला मी पायवाला म्हणतो. मोठा चिकट माणूस. कुठे लागतंय का, असं दहादा विचारत होता. मी दहादा नाही म्हटलं.

तुला खरं सांगतो, नडगीच्या टोकाशी टोचतं. पण आपण वस्तरा फिरवताना विचारतो, लागत नाही ना, तेव्हा कुठलं गिऱ्हाईक हो म्हणतं? शिवाय हो म्हटलं की तो पाय परत घेणार आणि आणखी महिना जाणार. मला घाई आहे. तुझ्या घरी बाबांच्या खोलीत दोन पायांवर चालत यायचं आणि उभ्यानं त्यांची दाढी करायची. त्यांच्या दुकानात कारागिराला बसायला पाटसुद्धा नसायचा, आठवतं ना? बसून वस्तरा धरतो त्याच्या हाती गळा देऊ नये, म्हणायचे. खुर्चीभोवती गरगर फिरायचो म्हणून तर मी भिंगरी.

त्यांना अजून काही बोलली नाहीस ना? त्यांचं हृदय नाजूक, ठरलंय तसंच राहू दे. दुकानातला कारागीर पळाला म्हणून दुकान सोडता येत नाही, हेच सांग. फोनवर त्यांना ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच.

लोभ आहेच, थोडा धीरही असू दे.
तुझा
भिंगरी


ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी आनंद झाला, मग संताप. टोचतंय तर टोचतंय म्हणायला काय झालं? जीभ काय दुकानात विसरून गेला होतास? जा आणि त्या भल्या माणसाला खरं सांग.

बाबांची दाढी छातीला टेकायची बाकी आहे. ह्यांनी एकदा साबण लावायचा प्रयत्न केला, तर हात झटकून दिला. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावलं. बाबांनी त्याचा वस्तरा उजेडात धरून पाहिला आणि कांदे चिरायला उपयोगी पडेल म्हणून परत दिला. बिचारा चहा न पिताच गेला. माझा मुलगा करील, एवढंच घोकतात. तू का येत नाहीस हे मात्र हल्ली विचारत नाहीत. मला वाटतं, रुसलेत.

परवा नवीनच टूम काढली. स्वयंपाकघरातलं उंच स्टूल उशाशी आणून ठेवायला लावलं. कशाला म्हटलं तर म्हणाले, असू दे. मी त्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या, तर अंगावर आले. म्हातारपण, दुसरं काय!

जपून राहा. मायेनं रागावते आहे, हे विसरू नकोस.
तुझी
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं झालं. नडगीवर जखम झाली. मी मोजे लपवून धूत होतो, पण हिच्या डोळ्यांतून रक्ताचा डाग सुटतोय थोडाच! मला ओढतच पायवाल्याकडे नेलं. तो आधी माझ्यावर खूप चिडला आणि मग स्वतःवर. म्हणाला, तुम्ही खोटं बोललात, पण मला तुमच्या तोंडावरून कळायला हवं होतं. पाय काढून फळीवर ठेवून दिला. जखम पुरती भरेपर्यंत हात लावायचा नाही. तोवर उरलेला पाय आणखी आटेल, मग नव्यानं माप घ्यायचं, नवी वाटी करायची.

महिना वाचवायला गेलो आणि दोन घालवून बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रागाव हवी तेवढी, पण पत्र धाडायचं थांबवू नकोस.
तुझा
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आज रागवायला बसलेली नाही. डॉक्टर ह्यांना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. आता पायाची वाट बघू नकोस रे. कुबड्यांवर ये, चाकाच्या खुर्चीत ये, हे तुला उचलून आत आणतील. बाबांना मी आधी सगळं सांगते. त्यांना धक्का बसेल म्हणून आपण गप्प राहिलो, पण तुझी वाट बघणं हा काय कमी धक्का आहे? दाराशी जरा खुट्ट झालं की मान वळवतात. मला ते पाहवत नाही.

हे गाडी घेऊन तुला आणायला तयार आहेत. फक्त हो म्हण.
तुझी वाट बघणारी
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नको ताई, एवढं ऐक. जखम भरली एकदाची. पायवाल्यानं नवं माप घेतलंय, या वेळी मी अगदी खरं खरं सांगितलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. दुकान बंद करून मी कुबड्या काखेत दाबून रिकाम्या खुर्चीभोवती फिरण्याचा सराव करतो.

ज्या पोराला त्यांनी उभं राहायला शिकवलं, त्याला लंगडा बघून त्यांनी डोळे मिटावेत? माझ्याच्यानं नाही होणार. त्यांना सांगू नकोस, तुला माझी शपथ. त्यांना म्हणावं, वस्तऱ्याला धार लावून ठेवलीये.

तुझा हट्टी
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू आलास, पण बाहेरच्या पायरीवरच बसून राहिलास. मी हाताला धरलं तरी बाबांच्या खोलीत आला नाहीस, आणि कुणाशी न बोलता गेलास. तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता लिहिते. वाचताना बायकोला जवळ बसव.

शेवटच्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. तुझी शपथ मोडून मी त्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, भिंगरी दुकानासाठी मला सोडून राहील हे मला सांगू नकोस. पाय धड असते तर तो कधीच आला असता. एक गेला की दोन्ही, तेवढं सांग.

एक, म्हटलं. त्यांनी हात लांबवून उशाशी स्टूल आहे ना ते चाचपलं. म्हणाले, मग त्याला म्हणावं, बसून कर. ते स्टूल हलवू नका.

अरे, ते स्टूल तुझ्यासाठी होतं! आणि मी वेडी त्यावर बाटल्या मांडत होते. हे तशीच गाडी काढून तुला आणायला निघाले. ते अर्ध्या वाटेवर असतील, तेवढ्यात इकडे बाबा गेले. मुलगा येतोय हे ऐकूनच गेले, एवढं तरी मनाशी धर.

त्यांचा तुझ्यावर राग नव्हता. माझाही नाही. तू स्वतःवर धरू नकोस.
तुझी
ताई


ता. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. मी कुबड्यांवर यावं म्हणून त्यांनी आपला नियम मोडून ठेवला होता, आणि मी इथे त्यांचा नियम पाळत बसलो.

स्टूल तिथेच असू दे. पुढच्या महिन्यात येईन, चालत येईन, आणि त्यावर थोडा वेळ बसेन.

नवा पाय परवा मिळाला. पायवाल्यानं मला दोन दांड्यांच्या मधून चालवलं, वळवलं, बसवलं, उठवलं. मग खाली बसून विचारलं, कुठे लागतंय का, आता खोटं बोलायचं नाही हं. मी म्हटलं, कुठेच नाही. आणि ते अगदी खरं होतं. इतका छान बसलाय की घातलाय हेसुद्धा विसरायला होतं. एवढं बोललो आणि मला रडू फुटलं, लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. त्याला वाटलं मी पुन्हा लपवतोय. बिचारा पट्टा सैल करून, मोजा काढून, बोटांनी चाचपत बसला, दुखतंय कुठे ते शोधत.

लोभ होता तसाच राहू दे, आता मला तुझाच आहे.
तुझा
भिंगरी