सोमवारी येणार नाही

१ डिसेंबर, रविवार
काल चार-शून्यने हरलो. तेही घरच्या मैदानावर! सामना संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये माझं डोकं फिरलं. "सोमवारी मी येणार नाही. शोधा दुसरा मॅनेजर!" असं ओरडून बसलो. पोरं अंघोळीला गेली होती. समोर होता फक्त मर्विन. सहा वर्षं माझा सहायक आहे, तीन फुटबॉल क्लबांत माझ्याबरोबर फिरलाय. तो बूट सोडत होता. वर पाहिलंही नाही.

२ डिसेंबर
गेलो की, अर्थात. पावणेनऊलाच सरावाला हजर.

दुपारी आमचे अध्यक्ष ऑग्डन रेडिओवर म्हणाले, "मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे." म्हणजे माझे दिवस भरले. असला विश्वास मी आधी दोन क्लबांत पाहिलाय. एकीकडे नऊ दिवस टिकला, दुसरीकडे चार.

करारात चौदा महिने उरलेत. त्यांनी काढलं, तर दुसरं काम मिळेपर्यंत ते सगळे महिने पगार द्यावा लागेल. मी आपणहून सोडलं, तर दमडी नाही. बायको, जॅनिस, म्हणाली, "घराचे हप्ते आहेत, डग. तोंडाला कुलूप लाव." म्हटलं, लावलंय. शनिवारचं तिला सांगितलं नाही.

४ डिसेंबर
ऑग्डननी बोलावलं. चहा, बिस्किटं, जॅनिसची चौकशी. मग अगदी सहज – "शनिवारी तू काहीतरी बोललास म्हणे?"

कोण म्हणालं?

"आलं कानावर."

शनिवारी ड्रेसिंग रूममध्ये मी आणि मर्विन, दोघंच होतो. यात शोधायचं काय आहे?

५ डिसेंबर
मर्विन ऑग्डनच्या गाडीतून उतरताना दिसला. मला पाहून गडबडला. "टायर पंक्चर झालं, बॉस. वाटेत भेटले, म्हणाले बस." संध्याकाळी मुद्दाम त्याच्या घरावरून गेलो. गाडी दारात उभी, चारही टायर ठणठणीत.

६ डिसेंबर
मॅनेजर संघटनेच्या वकीलबाई, मिसेस प्लिमर, फोनवर म्हणाल्या, "साक्षीदार मिळाला तर त्या बोलण्यालाच ते राजीनामा म्हणतील. मग तुमचे पैसे अडकले."

साक्षीदाराला काय मिळेल, विचारलं.

"तुमची खुर्ची, बहुधा."

सहायक असाच वर चढतो. मीही एकदा असाच चढलो होतो, म्हणून तर ठाऊक आहे.

७ डिसेंबर
पुन्हा हरलो. बाकावर मर्विनने आपला अर्धा मटण पफ पुढे केला. "सकाळपासून उपाशी आहात, बॉस." घेतला नाही. ही माया आत्ताच कशी उतू चालली?

८ डिसेंबर
ऑग्डनना पत्र लिहिलं. मर्विनच्या शब्दावर विसंबू नये, तो दोनदा सरावाला पिऊन आला होता. त्याची बायको वारली त्या महिन्यातली गोष्ट. तेव्हा मीच पांघरूण घातलं होतं. पण खोटं एक अक्षर नाही. तारखा घातल्या, पाठवून दिलं. बरं वाटलं – खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

१० डिसेंबर
काढलं मला! चौदा महिने, पूर्ण पगार. घासाघीससुद्धा केली नाही. जॅनिस हसत होती आणि रडतही होती.

मर्विनचे तीन फोन आले. उचलले नाहीत. खुर्ची मिळाली असेल, तेच ऐकवायचं असणार.

१२ डिसेंबर
मिसेस प्लिमरकडून कागद आले. माझं ओरडणं अंघोळीच्या खोलीतून एका खेळाडूने ऐकलं आणि ऑग्डनना सांगितलं. ते पक्कं करायला त्यांना मर्विन हवा होता, बदल्यात माझी जागा देत होते. त्याचा सहीचा जबाब जोडलाय, पाच तारखेचा – "मी तिथेच होतो. बॉस असं काही बोलले नाहीत."

त्यालाही काढलं. कामावर दारू पिऊन आला म्हणून, एक पौंडही न देता. पुरावा म्हणून माझं पत्र लावलंय.