ताटलीतली ताई

ताई,

हॉस्पिटलातल्या तुझ्या खोलीत मला सोडत नाहीत, म्हणून मी रोज दुपारी खालच्या मजल्यावरच्या तुला भेटतो. तुझ्या कानामागून काढलेली नखाएवढी कातडी तिथे उबेच्या कपाटात वाढतेय. लॅबवाल्या मावशी तिच्या ताटलीतलं गुलाबी पाणी बदलतात आणि काचेपलीकडून म्हणतात, "जेवली बघ तुझी बहीण. आता घरी जा, मेल्या."

त्यातल्या स्टेम सेल म्हणे एकीच्या दोन, दोघींच्या चार होतात. बघत बसलं की वाटतं, ढगच पसरतोय हळूहळू. पुढच्या आठवड्यात तो तुझ्या भाजलेल्या हातावर अंथरणार आहेत.

तू सगळ्यांना सांगतेस, "थर्मासचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं." ताई, ते मी सैल केलं होतं. आत गार पाणी असेल, तू भिजशील, माझ्यामागे धावशील, एवढंच डोक्यात होतं.

हे पत्र खिशातच राहणार. काल काचेला नाक लावून ताटलीला सगळं सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, "तिला कान नाहीत रे."

म्हणूनच जमलं. हात बरा झाला की तुझ्या कानांना सांगेन. मग त्याच हाताने एक ठेवून दे.

तुझं,
माकड